झुरळं कुणाची

माझ्या नवऱ्याला कुणी छंद विचारला की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात कुणा काकांनी विचारलंच. कृणाल म्हणाला, "मासे पाळायचो," आणि माझ्या डोळ्यांकडे बघून तिथेच थांबला. म्हणून मी वाचले. मासे मरून बराच काळ लोटला होता. मागे उरलं होतं ते माशांचं खाणं, आणि ते जिवंत होतं. आमच्या बेडरूमच्या बाल्कनीत, बंद पडलेल्या कूलरच्या मागे, प्लास्टिकच्या मोठ्या पेटीत माझा नवरा झुरळं पाळायचा.

पाळायचा म्हणजे अगदी लाडाने. ही आपल्या मोरीतली झुरळं नव्हेत, असं तो मला पहिल्यापासून पढवत आला होता. ही डुबिया. परदेशातली जात, अंगठ्याएवढी, तपकिरी, शांत. गुळगुळीत भिंतीवर यांना चढता येत नाही, त्यामुळे पेटीला झाकण नसलं तरी पळत नाहीत. नराला पंख असतात, मादीला नुसते नावाला. पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, म्हणजे त्यांच्या खोबणीत ती निवांत बसून राहतात. गाजराचे काप, भोपळ्याची सालं, ओला स्पंज आणि थंडीत पेटीखाली शेकायची गादी. पूर्वी त्याच्याकडे अरोवाना नावाचा लांबलचक मासा होता, त्याला घालायला म्हणून त्याने ही मूठभर आणली होती. मासा गेला, झुरळं वाढत राहिली. मासे पाळणाऱ्या कुणा दोस्ताला हवी असली की हा डबा भरून द्यायचा, पण देताना त्याचा चेहरा लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखा व्हायचा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या शरीरातून निघालेलं काय काय दिवसभर हाताळते आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाते. मला किळस येत नाही. मला लाज यायची. कुरियर कंपनीच्या ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा, चांगला शिकलेला माणूस घरी येतो आणि बूट काढायच्या आधी बाल्कनीत उकिडवा बसून "आज काय खाल्लं रे बच्चे लोक?" असं झुरळांना विचारतो, हे मी माहेरी, मढला, माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. कृणालला मात्र कसलीच लाज नव्हती. "कुत्रा पाळला असता तर मिरवलं असतंस ना?" असं उलट मलाच विचारायचा.

एका माणसापुढे मात्र त्याचीही टरकायची. ती म्हणजे त्याची आई.

माझी सासू सखुबाई मूळची वेसाव्याची. अंधेरीच्या बाजारात पाट मांडून तिने उभा जन्म मासे विकले आणि सासऱ्यांच्या मागे दोन्ही मुलांना शिकवलं. गुडघे गेले तेव्हा बाजार सुटला. वेसाव्याचं घर थोरल्या दिरांकडे राहिलं आणि ती आमच्याबरोबर कांदिवलीला, चौथ्या मजल्यावर राहायला आली. आमच्या घरात सासूला अहो-जाहो करत नाहीत. मी तिला आई म्हणते, अगं-तुगं करते आणि वेळ पडली तर भांडतेही. पण तिच्या ओट्याला मी कधी बोट लावलं नाही. तो तिचा. मासे साफ करून झाले की ती ओटा आधी थंड पाण्याने धुणार, मग लिंबू-मीठ चोळणार, मग उकळतं पाणी ओतणार आणि शेवटी वाकून नाकाने तपासणार. वास आला तर पुन्हा पहिल्यापासून.

तिला कृणालने सांगितलं होतं की बाल्कनीतल्या पेटीत झाडांसाठी खत होतंय, झाकण उघडू नकोस, बिघडेल. तिने ते मानलं. मुलाचं ती सगळंच मानते. भाजी चिरली की गाजराची सालं, भोपळ्याची सालं एका वाडग्यात वेगळी ठेवायची आणि संध्याकाळी त्याच्या हातात द्यायची. "घे, तुज्या खताला," म्हणायची. तो वाडगा घेऊन बाल्कनीत जाताना मी दुसरीकडे बघायची.

यंदा उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत झुरळं झाली. आधी तळमजल्यावर एक-दोन दिसली, मग आमच्या खालच्या घरात तर उच्छाद मांडला. तिथे तेजल राहते. तिचं बाळ अजून रांगतंय. एके सकाळी उकळून पालथी ठेवलेल्या दुधाच्या बाटलीच्या बुचावर तिला झुरळ दिसलं, आणि ती जिन्यातच रडायला लागली. मी तेव्हा लॅबला निघाले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, औषधाचं नाव सांगितलं. माझ्या मनात पाप नव्हतं. ती बारकी, चपळ, भिंतीवरून पळणारी झुरळं होती आणि आमची अंगठ्याएवढी, जागची न हलणारी. कृणालला विचारलं तेव्हा तो दुखावला. "रोशनी, काय यार. ती जर्मन जात, नळातून येते. आपली बिचारी भिंत पण चढू शकत नाहीत."

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. काही घरांत मासे साफ केले जातात, त्याचा कचरा आणि पाणी यामुळे किडे होतात, तरी संबंधितांनी विचार करावा. काही घरांत म्हणे! सगळ्या बिल्डिंगीत ओल्या माशांचं घर एकच, हे लिफ्टमधल्या आरशालाही माहीत होतं. बाकीचे जे खातात ते हॉटेलात खातात आणि घरी येऊन बडीशेप चघळतात. मेसेज आमच्या समोरच्या जयंतीवहिनींनी टाकला होता. त्या वाईट बाई नव्हेत. मला ताप आला तेव्हा त्यांनीच मऊ भात आणून दिला होता. पण त्यांच्या डोक्यात कोळ्याचं घर म्हणजे घाण हे इतकं पक्कं बसलं होतं की आपण कुणाला तरी लागेल असं बोलतोय, असं त्यांना वाटतच नव्हतं.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. सेक्रेटरी नानांनी ठराव वाचला: यापुढे कुणी फ्लॅटमध्ये मासे साफ करू नयेत, बाजारातून साफ करून आणावेत, आणि शक्यतो शिजवणंही टाळावं. ते 'शक्यतो' ऐकून माझं डोकंच फिरलं. मी उठणार, तेवढ्यात माझ्या आधी सासू उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, पदर खोचत.

"मी उभा जलम बाजारात बसले, पन माज्या पाटावर कदी माशी बसली नाय," ती म्हणाली. "माज्या घरातून झुरळ निगतंय म्हनता? एकवीरेची आन घेऊन सांगते, माज्या घरात एक झुरळ नाय. तुमी या. येत्या रविवारी या. कपाट बगा, मोरी बगा, सिलिंडर सरकवून बगा. समदं उगडून दाखवते. एक झुरळ गावलं तर तुमचा कागद मी सोता अंगठा लावून मान्य करीन. पन नाय गावलं, तर ह्यो कागद फाडायचा. परत कोनी आमच्या मासल्यांचं नाव काढायचं नाय."

 नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे मावशी, रविवारी बघू. तसंच करू." तेजलने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण एकवीरेची शपथ ती उगाच घेत नाही. तिच्या मागच्या खुर्चीत बसलेला कृणाल आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. बराच वेळ करत होता.

घरी आल्यावर मी त्याला बेडरूममध्ये गाठलं. "आजच्या आज ती पेटी कुणाला तरी दे."

"देतो ना. विशालला विचारतो, त्याच्याकडे मोठी टाकी आहे." विशाल त्याचा मासेवाला दोस्त. "पण तू घाबरतेयस कशाला? रविवारी कुणी आलं तरी आपल्याकडून काही गेलेलं नाहीये. आई खरंच बोलली."

"आई म्हणाली घरात एक झुरळ नाही."

त्याने फोन काढून विशालला मेसेज केला.

शनिवारी दुपारी सासू भाचीच्या हळदीला वेसाव्याला गेली. कृणालने पेटी बाल्कनीतून आत ओढली, डुबिया दुसऱ्या डब्यांत भरायला घेतली. मी कपाट आवरत होते. त्याचा आवाज एकदम बंद झाला म्हणून मी वळून बघितलं. नाहीतर तो त्यांच्याशी बडबडत असतो. त्याने हातात एक ट्रे उचलून धरला होता आणि तो हलत नव्हता.

"रोशनी, इकडे ये."

ट्रेच्या खोबणीत डुबियांच्या मधून बारकी झुरळं पळत होती. पिवळट तपकिरी, डोक्याच्या मागे दोन काळ्या रेघा. एक ट्रेवरून त्याच्या मनगटावर आलं, तिथून पेटीत पडलं आणि पेटीची गुळगुळीत भिंत सरसर चढून काठावरून उतरून उघड्या दारातून बाल्कनीत पळालं. तिथे पाण्याचा पाइप आहे. तो खाली तेजलच्या घरात जातो.

"ही कुठून आली?" मी विचारलं. विचारताना मला कळलं होतं.

त्याने ट्रे खाली ठेवला. अंड्यांचे ट्रे तो नाक्यावरच्या अंडेवाल्याकडून आणतो. आणल्यावर ते कडक उन्हात ठेवायचे, झटकायचे, मगच पेटीत लावायचे, हा या लोकांचा पहिला धडा. अंडेवाल्याच्या दुकानातली झुरळं त्या पुठ्ठ्यांत अंडी घालतात. डुबिया पाळणारा माणूस यात चुकत नाही. होळीच्या सुमारास कृणाल चुकला होता. घाई होती, पाहुणे यायचे होते, त्याने ट्रे तसेच लावले. आणि पेटीत त्या बाहेरच्यांना काय कमी होतं? ऊब होती, ओला स्पंज होता, माझ्या सासूने निवडून ठेवलेली सालं होती.

"म्हणजे सगळ्या बिल्डिंगीत..." मी म्हटलं.

"हो."

"तेजलच्या बाटलीवर..."

"हो ना, बोललो ना हो!" तो ओरडला आणि मग तिथेच फरशीवर बसला.

मला त्याला काय वाटेल ते बोलायचं होतं. बोललेही थोडं. पण सगळ्यात जास्त संताप मला एकाच गोष्टीचा येत होता. यात माशांचा संबंध नव्हता. बोंबील, मांदेली, कोलंबी, सासूचा पाट, तिचा ओटा, कशाकशाचा नव्हता. ज्यावरून आम्हाला नावं ठेवली ते साफ खोटं होतं, आणि तरीही झुरळं आमच्याच घरातून गेली होती. आता हे कुणाला कसं समजावणार? ऐकणारा अर्धंच ऐकणार: झुरळं कोळ्यांच्या घरातून निघाली. झालं. वाट लागली.

"आईला सांग," मी म्हटलं. "आज आली की सांग."

"उद्यानंतर सांगतो. आई शपथ."

"आई शपथ काय? कुठल्या आईची?"

"रोशनी, आज सांगितलं तर ती उद्या दार उघडणार नाही. नाहीतर स्वतः खाली जाऊन सगळ्यांना सांगेल. तू ओळखतेस ना तिला? मग तो ठराव पास. आयुष्यभर तिला स्वतःच्या ओट्यावर मासे करता येणार नाहीत. उद्याचा दिवस जाऊ दे, फक्त उद्याचा."

मी मान्य केलं. मला ते पटलं म्हणून नाही. सासूच्या तोंडावर सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी मी मान्य केलं.

विशालला आता ती झुरळं देता येईनात, बाहेरच्यांची लागण झालेली पेटी कुणी घेत नाही. जिवंत बाहेर टाकायची तर तेच पाप पुन्हा. कृणाल म्हणाला, एकच मार्ग आहे, फ्रीजर. सगळे तेच करतात. गारठ्याने ती आधी सुस्त होतात, मग संपतात, कळतही नाही. मात्र पूर्ण मरायला एक दिवस द्यावा लागतो. आइस्क्रीमच्या दोन रिकाम्या डब्यांत त्याने ती भरली. भरताना तो रडत होता, शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता. मी जवळ गेले नाही. इतक्या मोठ्या माणसाला झुरळांसाठी रडताना बघून मला त्याची कीव यायला हवी होती. मला लाजच वाटली. मग आपल्याला कीव येत नाही, याचीही वाटली.

डबे फ्रीजरमध्ये अगदी मागे, सासूच्या पिशव्यांखाली सरकवले. रविवारी ती ताजे मासे आणते, फ्रीजरला हात लावत नाही. सोमवारी सकाळी कचरेवाला आला की डबे त्याच्याकडे, असं ठरलं. ट्रे आम्ही उकळत्या पाण्यात बुडवून त्यांतली बारकी झुरळं मारली, पेटी फिनेलने धुतली, पाइपच्या भोवती औषध भरलं. संध्याकाळी सासू हळदीने पिवळी होऊन घरी आली. फिनेलचा वास घेतला आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "माजी बाय ती. माज्यासाटी येवडं घासलंस?"

रविवारी ती लवकर उठून नटली. नाकात मोत्याची नथ घातली नाही एवढंच. जयंतीवहिनी आल्या, बाळाला कडेवर घेऊन तेजल आली, नाना आले आणि दारातच चपला काढत "अहो मावशी, खरं तर याची काही गरज नव्हती," असं म्हणाले. कृणाल हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी.

सासूने सगळं उघडलं. भांड्यांचं कपाट, मसाल्याचं कपाट, ओट्याखालची पिठाची पिंपं. सिलिंडर स्वतः सरकवला, मला हात लावू दिला नाही. सुक्या बोंबलांचा डबा उघडून जयंतीवहिनींच्या नाकापुढे धरला, त्यांनी श्वास रोखला आणि मान डोलावली. मोरीची जाळी काढून दाखवली. वहिनींनी मसाल्याच्या फळीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट बघून त्या ओशाळल्या.

"माझी फळी एवढी स्वच्छ नाही हो मावशी," त्या म्हणाल्या. खरंच म्हणाल्या.

तेजल म्हणाली, "मावशी, सॉरी हां. मी पण ग्रुपवर थम्ब दिला होता. इतका चोख्खा तर आमचा पण नाय किचन." बाळाने सासूच्या बांगड्या धरल्या. सासूने ती बोटं सोडवली नाहीत.

नाना म्हणाले, "चला, मग झालं. ठराव रद्द. मी आजच ग्रुपवर टाकतो."

मी कृणालकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते आणि छाती रिकामी करून श्वास सोडत होता. झालं असं मलाही वाटलं. ती जिंकली होती. सगळे दाराकडे वळले होते. त्या वेळी तिने चहा विचारला असता, किंवा मीच विचारला असता, तरी पुढचं टळलं असतं.

"थांबा वो," सासू म्हणाली. "वास, वास म्हनता ना तुमी? आमी मासली कशी ठेवतो ती बगून जा. तीन पान्यांतून काडायची, पानी घालून गोठवायची. नाक लावून बगा, वास आला तर सांगा."

"आई, राहू दे ना," मी म्हटलं.

"गप गो. बगू दे त्यास्नी."

ती फ्रीजपाशी गेली. मी दोन पावलं पुढे झाले आणि थांबले, कारण काय म्हणणार होते मी? तिने फ्रीजर उघडला. एकेक पिशवी काढून ओट्यावर ठेवायला लागली: ही सुरमई, ही कोलंबी सोललेली, हा जवळा. वहिनी कौतुकाने बघत होत्या. मागे हात घालताना तिच्या हाताला डबा लागला. हा आपला नव्हे, असा तिचा चेहरा झाला. पण लोक बघत होते, तिला थांबता येईना. "ह्यो कोलंबीचाच असंल," असं म्हणत तिने झाकण काढलं आणि डबा पुढे केला.

तेजल किंचाळली. बाळ दचकून रडायला लागलं. वहिनी मागे सरकल्या ते थेट नानांच्या अंगावर. डब्यात एकावर एक, पाय वर केलेली, बर्फाचा कण धरलेली झुरळं होती. काठोकाठ.

सासूने डब्यात बघितलं. मग वर बघितलं, माझ्याकडे नाही, सरळ हॉलमध्ये, कृणालकडे. तो उठून उभा राहिला होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिने बेडरूमच्या दाराकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. सगळा हिशेब तिच्या डोळ्यांत होताना मला दिसला. खत, सालं, फिनेल, सगळं. तिचा खालचा ओठ एकदा हलला.

"हे काय आहे मावशी?" नानांनी विचारलं.

"चारा हाय," सासू म्हणाली. "गळाला लावायचा. माजाच हाय. मी ठेवलाय."

आमच्या सात पिढ्या जाळ्याने मासे धरत आल्या. खाडीवर गळ टाकणारे असतात, ते कोलंबी लावतात, गांडूळ लावतात. झुरळ लावणारा कोळी मी अजून ऐकलेला नाही. खरं तर कुणीही एवढं विचारायला हवं होतं की या वयात, या गुडघ्यांनी, कांदिवलीच्या चौथ्या मजल्यावरून तुम्ही गळ टाकता कुठे? पण कुणालाही प्रश्न पडला नाही. तिने शपथ घेऊन, तिला ठाऊक होतं ते खरं सांगितलं तेव्हा घर तपासायला आलेली ही माणसं, हे मात्र ऐकताक्षणी मानून मोकळी झाली. वहिनींच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं काहीतरी आलं, इतका वेळ चुकीच्या बाजूला उभं राहावं लागलं होतं ते आता संपलं, असं. "तुमच्यात करत असतील," त्या म्हणाल्या. अगदी समजून घेतल्यासारखं म्हणाल्या.

नानांनी मात्र, त्यांच्या सेक्रेटरीपणाला जागून, हॉलकडे तोंड केलं. "कृणाल, असं आहे का रे?"

सासू डबा धरून उभी होती. गार डब्याने तिची बोटं पांढरी पडली होती. ती कृणालकडे बघत होती. मीही त्याच्याकडे बघत होते. तेजल बाळाला थोपटत होती. बोल, असं मी मनात म्हणत होते. माझी आहेत म्हण. एवढंच म्हण.

"हो," कृणाल म्हणाला.

नानांनी मान हलवली. "बरं. मग त्या ठरावाचं आपण पुढच्या मीटिंगला बघू." ते आधी बाहेर पडले. तेजलने जाताना बाळाचा हात, ज्या हाताने त्याने बांगड्या धरल्या होत्या तो, आपल्या ओढणीने पुसला. मला दिसणार नाही असं तिला वाटलं असावं. वहिनींनी दार हळू, आवाज न करता ओढून घेतलं.

सासूने डब्याला झाकण लावलं. पिशव्या एकेक करून आत ठेवल्या, सुरमई, कोलंबी, जवळा. फ्रीज बंद केला. मग नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. कृणाल स्वयंपाकघरात आला आणि तिच्या पायाशी बसला. "आई, माझं चुकलं. मी तुला उद्या सांगणारच होतो. ती पेटी, ते ट्रे... आई, मी खरंच..." तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

तिने पदराला हात पुसले. रागावली नव्हती. राग आला की तिचा आवाज चढतो, आमच्या मजल्याला ऐकू जातो. आता तिचा आवाज मला दाराशी उभं राहूनही नीट कान देऊन ऐकावा लागला.

"मी खोटी बोलले, ती माजी मर्जी," ती म्हणाली. "आई हाय मी. पन तुला त्यांनी इचारलं रं. तू हो कशाला बोललास?"

 ती आता माझ्याकडे वळेल आणि तू गप्प का होतीस असं मलाही विचारेल, म्हणून मी तिथेच उभी राहिले. ती वळली नाही. तिने विळी काढली, सकाळी आणलेली मांदेली परातीत घेतली, आणि एरवी सताड उघडी असणारी स्वयंपाकघराची खिडकी आतून लावून घेतली.